संगणकातली मराठी अक्षरे का बिघडतात?

समजा, तुमच्या शाळेत विज्ञान-प्रदर्शन भरणार आहे. त्याची सूचना तुम्ही संगणकावर मराठीत लिहिली, नीटनेटकी मांडली आणि चार मित्रांना पाठवली. पहिल्या मित्राला ती जशीच्या तशी दिसली. दुसऱ्याच्या पडद्यावर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग उमटली. तिसऱ्याला रोमन अक्षरांची आणि कधी न पाहिलेल्या चिन्हांची खिचडी दिसली. चौथ्याला तर नुसती प्रश्नचिन्हे! सूचना एकच, मग चौघांकडे तिच्या चार तऱ्हा का व्हाव्यात? यांतली कोणती सूचना अजून वाचवता येईल आणि कोणती कायमची गेली?

हा प्रश्न एका सूचनेपुरता नाही. १९९० नंतरच्या काळात मराठी पुस्तके, मासिके, कार्यालयांतील कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर संगणकावर लिहिली जाऊ लागली. त्यांतील कित्येक फाइली आज उघडल्या, तर त्यांत मराठीचे एक अक्षरही दिसत नाही. कागदाला वाळवी लागली नाही, शाई पुसली गेली नाही, तरी मजकूर वाचता येत नाही. असे का होते ते समजून घेतले, तर आपण लिहिलेले पुढेही वाचता येईल अशी काळजी आपल्याला सहज घेता येईल. घरी पत्र लिहिणाऱ्याला आणि शाळेचे संकेतस्थळ तयार करणाऱ्याला, दोघांनाही हे ज्ञान सारखेच उपयोगी आहे.

संगणकाला अक्षर ठाऊक नसते

संगणकाचे सारे कामकाज ० आणि १ या दोन अंकांवर चालते, हे तुम्ही वाचले असेल. अशा एका अंकाला बिट म्हणतात. आठ बिटांचा एक बाइट होतो. आठ जागा आणि प्रत्येक जागी दोन पर्याय, म्हणून एका बाइटच्या २५६ वेगवेगळ्या रचना होतात. म्हणजेच ० ते २५५ यांपैकी कोणतीही एक संख्या त्यात मावते. संगणकाच्या स्मृतीत किंवा तारेतून जाणाऱ्या संदेशात अशा संख्यांखेरीज दुसरे काहीही नसते. ‘क’ हे अक्षर संगणकात कोठेही ठेवलेले नसते. ठेवलेली असते ती एक संख्या.

ही संख्या कोणत्या अक्षराची, हे माणसांनी आपसांत ठरवायचे असते. वर्गातला हजेरीपट आठवा. बाईंनी ‘बारा’ म्हटले की एक विशिष्ट मुलगी ‘हजर’ म्हणते, कारण त्या वर्गाच्या हजेरीपटात बारा हा तिचा क्रमांक आहे. तोच आकडा शेजारच्या वर्गात पुकारला, तर दुसरेच कोणी उभे राहील. संगणकातील अक्षरांचेही तसेच आहे. संख्या कळली तरी हजेरीपट कोणता, हे कळल्यावाचून अक्षर कळत नाही.

अमेरिकेत १९६३ साली असा एक हजेरीपट तयार झाला. त्याला ‘ॲस्की’ म्हणतात. त्यात ० ते १२७ असे १२८ क्रमांक आहेत. रोमन लिपीतील मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५, छोट्या ‘ए’चा ९७. इंग्रजी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे एवढ्यात बसली. आपल्या ‘क’ला मात्र त्यात जागा नव्हती.

आता आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. क्रमांक कळल्यावर ते अक्षर पडद्यावर काढायचे, तर त्याची आकृती हवी. ही आकृती फाँटमध्ये असते. छापखान्यातील खिळ्यांचा संच जसा, तसा संगणकातला फाँट. संच बदलला की अक्षराचे वळण बदलते. पण अक्षर बदलत नाही. क्रमांक ही अक्षराची ओळख आणि फाँट हा त्याचा पोशाख. या दोन गोष्टींची गल्लत झाली की सगळा घोटाळा सुरू होतो.

पोशाखालाच ओळख समजले तर?

सुरुवातीच्या काळात संगणकावर देवनागरी उमटवण्यासाठी लोकांनी एक युक्ती योजली. रोमन अक्षरांचे क्रमांक तसेच ठेवायचे; फक्त फाँटमधील रोमन आकृत्या काढून त्यांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवायच्या. पडद्यावर आणि कागदावर झकास देवनागरी दिसे. लग्नपत्रिका छापल्या गेल्या, पुस्तके निघाली. छपाईचे काम त्या काळी या युक्तीनेच सोपे केले, हे मान्य केले पाहिजे.

पण आत काय साठवले जात होते? हिंदीभाषक राज्यांत फार वापरलेल्या ‘कृतिदेव’ फाँटचे उदाहरण घेऊ. त्यात ‘भारत’ हा शब्द लिहिला, तर फाइलीत साठतात ती रोमन अक्षरे अशी : मोठा एच, मग छोटे के, के, जे आणि आर. तो फाँट असलेल्या संगणकावर ‘भारत’ दिसते. फाँट नसला की ही पाच रोमन अक्षरे आपल्या खऱ्या रूपात समोर येतात आणि वाचणारा चक्रावतो.

यातली मोठी अडचण पुढेच आहे. निरनिराळ्या फाँटांत देवनागरी आकृत्यांच्या जागा निरनिराळ्या होत्या. एका फाँटमधला ‘क’ दुसऱ्यात भलतेच अक्षर होई. शिवाय संगणकाच्या दृष्टीने हा मजकूर मराठी नव्हताच. त्यात ‘भारत’ हा शब्द शोधायला सांगितला, तर तो सापडत नसे. अकारविल्हे यादी लावायला सांगितली, तर ती रोमन वर्णक्रमाने लागे. अंध व्यक्तींसाठी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या आज्ञावल्या असतात. त्यांना तर पोशाख दिसतच नाही; त्या केवळ क्रमांक वाचतात. त्यामुळे असा मजकूर ऐकताना अंध विद्यार्थ्याच्या कानी निरर्थक इंग्रजी अक्षरे पडतात.

सर्व लिप्यांचा एकच हजेरीपट

यावर उपाय एकच होता : देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणे. भारतात हे काम लवकर सुरू झाले. कानपूरच्या आय. आय. टी.मध्ये भारतीय लिप्यांसाठी जे संशोधन झाले, ते पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढीस लागले. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली ‘इस्की’ हे मानक प्रसिद्ध केले. त्यात इंग्रजीचे १२८ क्रमांक तसेच ठेवून बाइटमधील उरलेल्या जागा भारतीय अक्षरांना दिल्या होत्या.

त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी एकच हजेरीपट करण्याच्या खटपटीला फळ आले आणि ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती निघाली. त्यातील देवनागरीची मांडणी ‘इस्की’च्या १९८८ सालच्या आराखड्यावर आधारलेली आहे. आज युनिकोडमध्ये दीड लाखाहून अधिक चिन्हांना क्रमांक आहेत. देवनागरीचा मुख्य विभाग २३०४ पासून २४३१ पर्यंत, म्हणजे १२८ जागांचा आहे. त्यातील काही क्रमांक पाहा :

अ – २३०९
आ – २३१०
क – २३२५
ठ – २३३६
म – २३५०
र – २३५२
ा (काना) – २३६६
ि (पहिली वेलांटी) – २३६७
ी (दुसरी वेलांटी) – २३६८
् (पाय मोडण्याची खूण) – २३८१

यात जोडाक्षरे का नाहीत, असे तुम्ही विचाराल. त्यांची गरजच नाही. ‘क्ष’ म्हणजे क, पाय मोडण्याची खूण आणि ष. म्हणजेच २३२५, २३८१, २३५९. हे तीन क्रमांक ओळीने आले की पडद्यावर ‘क्ष’ची आकृती काढायची, हे काम फाँट आणि मांडणी करणारी आज्ञावली मिळून करतात. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर दिसते, पण संगणकात ते सहा क्रमांकांचे असते : स, ्, त, ्, र, ी.

दुसरी गंमत वेलांटीची. ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो. पण उच्चार आधी ‘क’चा आणि मग ‘इ’चा होतो. युनिकोडमध्ये साठवण उच्चाराच्या क्रमाने होते, म्हणून आधी २३२५ आणि नंतर २३६७. वेलांटी ‘क’च्या डावीकडे नेऊन बसवणे हा पडद्यावरच्या मांडणीचा भाग झाला. ‘इस्की’चा वारसा आणखी एका गोष्टीत दिसतो. देवनागरी अक्षराच्या क्रमांकात ३८४ मिळवले, की बहुतेक वेळा तेच अक्षर गुजराती लिपीत मिळते आणि ८९६ मिळवले की कानडी लिपीत. २३२५ मध्ये ३८४ मिळवून येणारा २७०९ हा गुजराती ‘क’चा क्रमांक आहे.

एका अक्षराचे तीन बाइट

येथे एक शंका यायला हवी. एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच संख्या मावते; मग २३५० हा ‘म’चा क्रमांक ठेवायचा कसा? उघडच एकाहून अधिक बाइट लागणार. ते कसे वापरायचे याची ‘यूटीएफ-८’ नावाची रीत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ साली तयार केली. या रीतीत इंग्रजी अक्षरांना पूर्वीप्रमाणेच एक बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाला तीन बाइट लागतात.

‘म’ साठवताना पुढील तीन बाइट लिहिले जातात : २२४, १६४, १७४. त्यांतून मूळ क्रमांक काढण्याचे गणित तुम्हाला वहीत करता येईल. पहिल्या संख्येतून २२४ वजा करा आणि उत्तराला ४०९६ ने गुणा. दुसरीतून १२८ वजा करा आणि ६४ ने गुणा. तिसरीतून १२८ वजा करा. मग तिन्हींची बेरीज घ्या :

(२२४ – २२४) × ४०९६ = ०
(१६४ – १२८) × ६४ = २३०४
१७४ – १२८ = ४६
बेरीज = २३५०

मिळाला ना ‘म’! हे गणित करताना एक गोष्ट ध्यानात येते. देवनागरीच्या या विभागातील प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. ही खूण लक्षात ठेवा. बिघाड ओळखताना ती कामास येणार आहे.

दुखणे ओळखा

आता त्या चार मित्रांच्या पडद्यांकडे वळू. वैद्य जसा लक्षणांवरून रोग ओळखतो, तसे आपणही ओळखू शकतो.

१) रिकाम्या चौकटी. क्रमांक शाबूत आहेत, हजेरीपटही योग्य आहे. फक्त त्या संगणकात देवनागरी आकृत्या असलेला फाँट नाही. हे सर्वांत सौम्य दुखणे. युनिकोड फाँट बसवला की मजकूर दिसू लागतो. फाइलीला हात लावण्याची गरज नाही.

२) चमत्कारिक चिन्हांची रांग, आणि तीत डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा. पश्चिम युरोपातील भाषांसाठी केलेल्या एका जुन्या हजेरीपटात २२४ हा त्या रेघवाल्या ‘ए’चा क्रमांक आहे आणि १६४ हा किरण फुटलेल्या लहान वर्तुळासारख्या एका चिन्हाचा. तेव्हा असे दिसले की समजावे, बाइट देवनागरीचे आहेत, पण संगणक ते चुकीच्या हजेरीपटाने, एकेक सुटा बाइट धरून वाचत आहे. ‘मराठी’ या शब्दाचे पाच क्रमांक, म्हणजे पंधरा बाइट. म्हणून त्याची पंधरा चिन्हे होतात. त्यांतले एखादे दिसतही नाही. मजकूर अजून सुरक्षित आहे. फाइल बंद करा आणि पुन्हा उघडताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा. मात्र चुकीच्या रूपात दिसत असताना फाइल साठवू नका. तशी साठवली, तर चूक फाइलीत कायम होण्याचा धोका असतो.

३) साधी रोमन अक्षरे, पण अर्थ काहीच नाही. हा जुन्या, पोशाख बदललेल्या फाँटचा मजकूर असण्याचा संभव आहे. कोणता फाँट वापरला होता, हे आधी शोधा. त्या त्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या आज्ञावल्या मिळतात. बदल झाल्यावर मजकूर मुळाशी ताडून पाहावा. वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांत चुका राहतात.

४) ओळीने नुसती प्रश्नचिन्हे. हे दुखणे असाध्य. ज्या हजेरीपटात देवनागरी नाहीच, त्यात फाइल साठवली गेली आणि जागा नसलेल्या प्रत्येक क्रमांकाऐवजी संगणकाने ‘?’ लिहून टाकले. ‘मराठी’ची पाच प्रश्नचिन्हे झाली आणि मूळ क्रमांक पुसले गेले. आता मूळ प्रत शोधणे हाच मार्ग. काळ्या हिऱ्याच्या आकारातले प्रश्नचिन्ह मात्र वेगळे : ‘हे बाइट मला वाचता येत नाहीत’, एवढाच त्याचा अर्थ. फाइल पुन्हा साठवली नसेल, तर तेथे आशा असते.

५) ठिपक्यांचे वर्तुळ आणि त्याला लटकलेली मात्रा किंवा वेलांटी. ज्या अक्षराला ती लागायची ते तिच्याआधी आलेलेच नाही. टंकन करताना क्रम चुकला, किंवा मधले अक्षर खोडले गेले. अक्षर आधी, खूण नंतर, असे पुन्हा लिहा.

लिहिताना घ्यायची काळजी

मराठी टंकनासाठी कळफलकाच्या अनेक रचना आहेत. रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे लिहिण्याची सोय आहे. तशीच ‘इनस्क्रिप्ट’ ही मानक रचनाही आहे. तीत स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. ‘के’च्या कळीवर क आणि शिफ्टसह ख, ‘आय’च्या कळीवर ग आणि शिफ्टसह घ. वर्णमालेचा क्रम ठाऊक असलेल्याला ही रचना लवकर अंगवळणी पडते. तुम्ही कोणतीही रचना निवडा. लेखन युनिकोडमध्ये असले की आत साठणारे क्रमांक तेच असतात.

पण डोळ्यांना सारखे दिसणारे सारेच सारखे नसते. पुढील चुका अनुभवी टंकलेखकांकडूनही होतात :

‘स्वतः’, ‘अंतःकरण’ या शब्दांतील विसर्गाचा क्रमांक २३०७ आहे. त्याऐवजी पुष्कळजण कोलन हे विरामचिन्ह देतात. त्याचा क्रमांक ५८. डोळ्यांना दोन्ही सारखेच भासतात; पण ‘स्वतः’ शोधायला गेलात, तर कोलनवाला शब्द सापडणार नाही.

‘आ’ लिहिताना ‘अ’ला काना जोडू नका. ‘आ’ला स्वतःचा क्रमांक आहे. ‘ॲ’ला २००८ साली स्वतंत्र क्रमांक मिळाला, तो २४१८. त्यापूर्वीच्या मजकुरात हे अक्षर ‘अ’ला चंद्र जोडून लिहिलेले आढळते. म्हणून जुन्या फाइलींत ‘ॲसिड’ शोधताना दोन्ही प्रकारे शोधावे.

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. पहिल्यात साधा ‘र’ आहे, क्रमांक २३५२. दुसऱ्यात ‘ऱ’, क्रमांक २३५३. इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्टसह ‘जे’ची कळ दाबून मिळतो. या एका कळीअभावी सह्याद्रीच्या दऱ्यांचा समुद्र होतो!

मोबाइलवरून साधा संदेश पाठवतानाही हे गणित उपयोगी पडते. एका संदेशात १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. इंग्रजी अक्षरासाठी तेथे ७ बिटांची रीत आहे, म्हणून १६० अक्षरे बसतात. मराठीसाठी प्रत्येक क्रमांकाला १६ बिट लागतात, म्हणून ७० क्रमांकच बसतात. एकटा ‘स्त्री’ हा शब्दच त्यांतले सहा घेतो!

वेबपान तयार करताना

तुमच्यापैकी काहीजण ‘एचटीएमएल’ शिकून शाळेचे किंवा विज्ञान-मंडळाचे वेबपान तयार करत असतील. त्यांच्यासाठी काही सूचना :

पानाचा मजकूर कोणत्या हजेरीपटाने वाचावा, हे पानाच्या अगदी आरंभी जाहीर करा. ‘मेटा’ या खुणेत ‘चारसेट’ समोर ‘यूटीएफ-८’ लिहावे. ही घोषणा पानाच्या पहिल्या १०२४ बाइटमध्ये यावी, असा नियम आहे. नुसती घोषणा पुरत नाही. फाइलही त्याच रीतीने साठवलेली हवी. डब्यावर ‘साखर’ लिहून आत मीठ भरण्याचा प्रकार होऊ नये.

पानाची भाषाही सांगा. ‘लँग’ या गुणधर्मापुढे मराठीची ‘एम-आर’ ही दोन रोमन अक्षरे लिहिली, की वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीला मराठी उच्चार निवडता येतात. काही फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणेही असतात. भाषा कळली, की फाँट ती वळणे देऊ शकतो.

फाँट युनिकोडचाच निवडा. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फाँट विंडोज २००० बरोबर आला आणि पुष्कळांनी युनिकोड मराठी प्रथम त्यातच वाचली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ आणि मुंबईच्याच आय. आय. टी.चा ‘शोभिका’ हे फाँट कोणालाही मोफत वापरता येतात. फाँट पानाबरोबरच पाठवण्याची सोय असते. ती केली म्हणजे वाचकाकडे तो नसला तरी अडत नाही.

दोन ओळींतले अंतर सढळ ठेवा. रोमन लिपीपेक्षा आपल्या लिपीत वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरे अशी अधिक गर्दी असते. अक्षराच्या मापाच्या दीडपट अंतर ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडत नाही. मात्र दोन अक्षरांमधील अंतर वाढवू नका. इंग्रजी शीर्षकांना तसे करतात. आपली शिरोरेषा त्याने तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात.

अक्षरांचा रंग पाठीमागच्या रंगात मिसळू देऊ नका. उजळपणातील हा फरक मोजण्याचे एक माप आहे. काळ्यावर पांढरे हे प्रमाण २१ ला १ येते. साध्या मजकुरासाठी ते निदान ४.५ ला १ असावे, असा जागतिक मार्गदर्शक नियम आहे. पांढऱ्या कागदावर पिवळ्या खडूने लिहिल्यासारखी शीर्षके म्हणूनच टाळावीत.

मजकूर चित्रात लिहू नका. सूचनेचे चित्र करून टाकले, की फाँटची अडचण मिटल्यासारखी वाटते खरी. पण त्या चित्रातले शब्द शोधता येत नाहीत, मोठे केले तर फाटतात आणि अंध वाचकाला ऐकू येत नाहीत. चित्र आवश्यक असेल, तर त्याचे वर्णन ‘ऑल्ट’ या गुणधर्मात शब्दांत लिहावे.

‘नाव २० अक्षरांत लिहा’ अशा मर्यादा घालताना इंग्रजीचा हिशेब धरू नका. शब्द मध्येच कापायचा असेल, तर पाय मोडण्याच्या खुणेपाशी किंवा मात्रेआधी कापू नका. नाहीतर ‘लक्ष्मी’ची ‘लक्’ होईल.

आणि शेवटची सूचना सर्वांसाठी. महत्त्वाच्या लेखनाची एक प्रत साध्या मजकुराच्या फाइलीत, यूटीएफ-८ रीतीने साठवून ठेवा. छपाईसाठी केलेल्या पीडीएफ फाइलीत आकृत्यांची मांडणी जपलेली असते. तिच्यातून मराठी मजकूर परत काढताना वेलांट्या आणि जोडाक्षरे पुष्कळदा विस्कटतात. साध्या फाइलीत सजावट नसते, पण प्रत्येक अक्षराची ओळख असते. पोशाख पुन्हा शिवता येतो. ओळख पुसली गेली की ती परत मिळवणे कठीण.

करून पाहा

१) हिशेबाच्या तक्त्यात ‘यूनिचार’ या नावाचे सूत्र असते. त्याच्या कंसात २३२५ ही संख्या इंग्रजी अंकांत द्या. कोणते अक्षर आले? मग २३०४ ते २४३१ या सर्व संख्या देऊन देवनागरीचा संपूर्ण हजेरीपट तयार करा. मराठीत न लागणारी अक्षरे त्यात कोणती आढळली?

२) ‘लेन’ या सूत्राने ‘स्त्री’, ‘लक्ष्मी’ आणि तुमचे स्वतःचे नाव यांची लांबी मोजा. आधी वहीत अंदाज लिहा, मग पडताळा.

३) एका फाइलीत पुढील बाइट सापडले : २२४, १६४, १४९, २२४, १६४, १७८. वर दिलेल्या रीतीने दोन्ही क्रमांक काढा. मग शब्द ओळखा.

४) घरी किंवा शाळेत जुन्या फाँटमध्ये लिहिलेली एखादी मराठी फाइल असेल, तर मोठ्यांच्या मदतीने तिची आधी एक प्रत करा आणि मग ती प्रत युनिकोडमध्ये आणून पाहा. मूळ फाइल मात्र तशीच जपून ठेवा. एखाद्या संमेलनाचे इतिवृत्त किंवा आजोबांनी लिहिलेल्या आठवणी तुमच्या हातून पुन्हा वाचण्याजोग्या होतील.